एकट्यानं जेवायची सोय

लीला शिकायला बाहेर गेली तर माझ्या भावाला काय काय मिळणार होतं, ते मी भाकरी थापता थापता मांडलं. एक तर मिरवायला मिळणार होतं. लातुरात ज्याचं त्याचं पोरगं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. वैजूची पोरगी मात्र दिल्लीच्या पलीकडं, हरियाणातल्या अशा विद्यापीठात जाणार होती की ज्याचं नाव घेताना बापाचीच जीभ अडखळत होती. दुसरं, घरात 'पप्पा, आज उशीर का' असं विचारणारं कुणी उरणार नव्हतं. तिसरंही काहीतरी होतं. ते अजून दिसत नव्हतं, पण होतं नक्की, कारण वैजू माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला होता आणि माझ्या आमटीचं कौतुक करत होता.

"अक्का, आज आमटीत काय टाकलंस? वासच वेगळा की."

"रोजचंच टाकलंय. नाक आज आणलंस तू."

तो हसला. माझा धाकटा भाऊ, वैजनाथ बिराजदार. बाजार समितीत कारकून. आवाज कधी चढवायचा नाही, बोलणं साखरेत घोळवलेलं. मी सासरहून एक ट्रंक घेऊन परत आले ती कायमचीच. पुढं त्याची बायको गेली तेव्हा लीला दुसरीत होती. तेव्हापासून ती माझ्याच हाताखाली वाढली. वडिलांचं दुमजली घर. वर ते दोघं, खाली मी आणि माझी मेस. साऱ्या महाराष्ट्रातली पोरं शिकवणीसाठी लातूरला येतात आणि त्यांतली बरीचशी माझ्याकडं जेवतात. आणि आमच्या घरचं लेकरू शिकायला हरियाणात. या उलट्या वरातीचं मला हसू यायचं, पण लीलासमोर मी हसत नव्हते. पोरगी हुशार होती. शिष्यवृत्तीत अर्धी फी माफ झाली होती.

उरलेली अर्धी म्हणजे माझ्या हिशेबानं एका पोराचं पंधरा वर्षांचं दोन वेळचं जेवण, रविवारची पुरी धरून. आणि हे एका वर्षाचं. असली चार वर्षं.

"बँक एवढं कर्ज असंच देत नाही," वैजू म्हणाला. "घर तारण ठेवावं लागतं. आणि घरावर नावं दोन."

"मग?"

"मग काही नाही. बँकेला कागद साफ पाहिजेत म्हणे. एकच नाव असलं की बरं पडतं."

"कुणाचं एक?"

त्यानं आमटी भुरकली. उत्तर द्यायचं नसलं की तो भुरकतो, लहानपणापासून.

"हक्कसोड म्हणजे नुसता कागद गं अक्का. नाव कमी झालं म्हणून माणूस कमी होतं का? तू आहेस तिथंच राहणार. आणि उद्या तुझ्या सासरचे दारात येऊन उभे राहिले तर? नावच नसलं की कुणी कशाला येतंय?"

हे तिसरं. आता दिसलं.

आमच्याकडं बहिणीनं वडिलांच्या घरावरचा हक्क सोडला की भाऊ तिला साडीचोळी करतो. भाऊबीजेची वेगळी, पंचमीची वेगळी, आणि ही वेगळी. अर्ध्या घराला एक साडी. घर मोठं असलं तर साडीचे काठ मोठे. हा विनोद माझाच. गल्लीत कुणाची बहीण रजिस्ट्री ऑफिसातून परत आली की मी लीलाला विचारायची, "काठ केवढे होते गं?" आणि ती हातानं दाखवायची, एवढे.

"काठ केवढे घेणार?" मी वैजूला विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच."

"बाजारात वांगंसुद्धा मी दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. आधी ते विद्यापीठ बघते, मग सही."

विद्यापीठानं आईबापांना एक दिवस बोलावलं होतं, जागा बघायला. आई नव्हती, बापाला मार्चएंडनंतरची कामं होती. लीलाबरोबर आत्या गेली.

लपवत नाही, मी खोट काढायला गेले होते. खोट सापडली की सही टळली, सही टळली की पोरगी घरात. एवढा सरळ हिशेब होता.

फाटकातून आत शिरलो तर एक उंच मुलगी धावत आली आणि लीलाच्या गळ्यात पडली. "हाय शिवी!"

मी लीलाला बाजूला घेतलं. "ही तुला शिवी का देतेय?"

"देत नाहीये, म्हणतेय. शिवलीलाचं शिवी केलंय त्यांनी. आमचा फोनवर ग्रुप आहे."

"आम्ही महादेवाचं नाव ठेवलं, यांनी त्याची शिवी केली. एवढी फी कशाची घेतात ते कळलं."

लीला हसता हसता वाकली. त्या उंच मुलीला तिनं इंग्रजीत सांगितलं, तर तीही हसली, आणि मला म्हणाली, "आंटीजी, सॉरी!" वाईट नव्हती पोरगी. ही पहिली निराशा.

वर्ग बघितले, पुस्तकं बघितली. त्यातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून कळत असल्यासारखी मान हलवली. इतर आईबाप माझ्यासारखेच मान हलवत होते, तेव्हा बरं वाटलं. मग म्हटलं, मला मेस दाखवा. तिथं मला कुणी फसवू शकत नाही.

वरण घट्ट, फोडणी करपलेली नाही. भात मोकळा. स्वयंपाकघर काचेच्या आड उघडं, वाढणाऱ्यांच्या डोक्याला टोप्या. मी वाकून ताटांची मागची बाजू बघितली, तिथंही तेलकटपणा नाही. एका कोपऱ्यात ज्वारीची भाकरी होती. मोडून बघितली, पापुद्रा सुटला. बाहेरच्या मुलखात येऊन मला ज्वारीची भाकरी सापडावी आणि ती चांगली निघावी, म्हणजे बघा.

"वाढपी कुठंय?" मी विचारलं.

"आपणच घ्यायचं."

"आणि नको म्हटल्यावर 'घे की अजून' कोण म्हणतं?"

"कुणीच नाही."

एवढी खोट मिळाली. मी ती जपून ठेवली.

ताट घेऊन बसायला गेले तर पलीकडं काचेच्या भिंतीला लागून एक लांब फळी होती, तिच्यासमोर उंच स्टुलं, सगळी बाहेर तोंड करून. त्यांवर पोरं बसलेली, मध्ये एकेक जागा सोडून. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"ही शिक्षा झालेली पोरं का गं?"

"नाही आत्या. ती एकट्यानं जेवायची सोय आहे."

"सोय?"

माझ्या मेसमध्ये नियम आहे. एकटं आलेलं पोरगं एकटं बसत नाही. नांदेडचं असो की सोलापूरचं, मी त्याला कुणाच्या तरी शेजारी बसवते, मगच ताट ठेवते. पहिल्या आठवड्यात रडणारी किती तरी पोरं मी अशी जेवायला लावली. आणि इथं हे लोक स्टुलं करून ठेवतात.

लीला माझ्यासमोर बसली. भाकरीचा तुकडा हातात घेऊन तिनं तो खाल्ला नाही.

"आत्या, आपल्या घरी मी एकटी कधी जेवले, सांग बरं."

मी आठवून बघितलं. सापडलं नाही.

"शाळेतून आले की, लीला, ताट ठेव. लीलाताई, भाजी. लीलाताई, मीठ. पुस्तक उघडलं की तुझा पोळपाट. तक्रार नाही करत मी. पण मघाशी तू हात धुवायला गेलीस ना, तेव्हा मी त्या स्टुलावर जाऊन बसले. काही ऐकू येईना. आधी घाबरले. मग मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं, मनातलं. इतकं सलग कधीच ऐकलं नव्हतं."

"काय म्हणत होतीस?"

"ते नाही सांगणार," ती म्हणाली आणि लाजली, एखाद्या मुलाचं नाव विचारल्यासारखी.

तिथंच माझी खोट गेली. जे मला वजाबाकीत धरायचं होतं, तेच पोरीनं बेरजेत धरलं होतं. मी ताटातलं वरण संपवलं. चांगलं होतं ते, त्याला मी काय करू.

मग ती एकदम म्हणाली, "पण तू सही करू नकोस."

"कुठली?"

"पप्पा म्हणतात ती. हक्कसोड. मी बँकेत जाऊन विचारून आले. त्या मॅडम म्हणाल्या, घरावर दोन नावं असली तरी चालतं, दुसऱ्याची संमती पुरते. कर्जावर तुझी सही घेतील, बस. तुझं नाव काढायची काही गरज नाही. हक्कसोड बँकेला नको आहे, आत्या. पप्पांना पाहिजे आहे."

मी पाणी प्यायले.

"पप्पांना सांगितलंस?"

"अजून नाही. आधी तुला."

"सांगू नकोस. मी बघते."

"संमतीचीच सही करायची. कबूल?"

"कबूल."

"आणि त्यांनी हक्कसोडच पाहिजे म्हटलं तर मी नाही येणार इकडं. लातुरातल्या कॉलेजात जाईन. माझ्यासाठी तू बिनघराची झालीस तर मला इथला घास गिळायचा नाही."

असं म्हणून तिनं हातातला तुकडा खाल्ला. मुलं मोठी झाली की अशी वाक्यं बोलतात आणि वर भाकरी खातात. आपल्याला मात्र त्यानंतर जेवण जात नाही.

परत आल्यावर मी वैजूला वर जाऊन गाठलं. तो खुर्चीत पेपर वाचत होता. शेजारी लीलाच्या आईचा फोटो, वर लीलानं स्वतः घातलेला चंदनाचा हार.

"कसं आहे विद्यापीठ?"

"वरण चांगलं आहे."

"म्हणजे पाठवायचं."

"पाठवायचं. पण वैजू, बँकेला नुसती संमती पुरते म्हणे. नाव काढावं लागत नाही."

त्यानं पेपर खाली ठेवला. घडी घातली. घडीवर घडी घातली.

"कोण म्हणे?"

"असंच कळलं."

"लीला गेली होती बँकेत?"

आवाज चढला नव्हता. पण साखर गेली होती. या घरात पोरीनं बापाच्या पाठीमागं बँकेत जाऊन चौकशी केली, आत्याच्या बाजूनं केली, हे त्याला कळलं असतं तर त्यानं आरडाओरडा केला नसता. तो नुसता 'राहू दे मग' म्हणाला असता, आणि फीची तारीख शांतपणे जाऊ दिली असती. मी त्याला ओळखते. एकदा वडिलांशी बिनसलं तेव्हा त्यानं असंच आपलं स्वतःचं कॉलेज जाऊ दिलं होतं.

"लीला कशाला जाईल? मेसमधलं एक पोरगं म्हणालं. त्याचा बाप बँकेत आहे."

"मग त्याच्या बापालाच सांग फी भरायला." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळू बोलला, "अक्का, पोरगी जाणार. ती काही परत लातूरला येऊन राहायची नाही, तुलाही माहीत आहे. मग मला काय उरतं? चार भिंती तरी माझ्या म्हणू दे की."

"माझ्याही आहेत त्या."

"तू आहेसच की इथं. मी काय म्हणतोय, कागद."

एकटं पडायच्या भीतीनं माणूस काय काय मागतो. कुणी सोबत मागतं, याला घराचा उतारा पाहिजे होता. मी त्याच्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं. फीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लीलानं लाल पेनानं गोल केलेली होती, आणि ती जवळ आली होती.

दोन दिवसांनी लीलानं विचारलं, "झालं का काम?"

"झालं. सही करून आले."

"संमतीची?"

"बँकेला पाहिजे होती ती," मी म्हणाले, आणि तिला कणीक मळायला लावलं. ती खूश होती. तिनं मळलेली कणीक सैल झाली, तरी मी काही बोलले नाही.

ती गेली तो दिवस. स्टेशनवर आम्ही तिघंच. वैजूनं तिची मोठी बॅग डब्यात चढवली, मग पाण्याची बाटली आणायला गेला. मी तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी नीट बसलीय का ते बघत होते. वर बघितलं तर ती माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही, खाली.

"नवी?"

"हं."

"पंचमीला अजून अवकाश आहे, आत्या."

"असू दे की. स्टेशनवर यायचं म्हणून नेसले."

"पप्पांनी घेतली?"

"इरकल आहे. पदर बघ केवढा भरलेला."

तिनं पदर बघितला नाही. खाली वाकून साडीचा काठ दोन बोटांत धरला. जरीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हातानं मोजल्यासारखं केलं, लहानपणी दाखवायची तसं, एवढे.

"काठ लई मोठे आहेत गं," ती म्हणाली.

मी चटणीच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं. ते आधीच घट्ट होतं.

रजिस्ट्री ऑफिसात अंगठा घेतात, फोटो काढतात. 'मावशी, हसू नका, फोटो हलतो,' असं तिथला पोरगा म्हणाला होता. मी हसत नव्हते, माझं तोंडच तसं आहे. परत येताना वैजू दुकानात शिरला आणि आपण होऊन महागातली साडी काढा म्हणाला. हे सगळं मला तिला सांगता आलं असतं. गाडी उभी होती, अजून मागं फिरता आलं असतं तिला.

म्हणून मी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "चढ आता. स्टुलावरची जागा कुणी घेईल."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. वाकून माझ्या पाया पडली. तेवढ्यात वैजू बाटली घेऊन आला. तिनं बाटली घेतली. त्याच्या पाया ती पडली नाही. त्याला वाटलं, घाईत राहून गेलं असेल.

दारात उभी राहून ती मला म्हणाली, "येते आत्या."

मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "जाते."

"अगं, जाते म्हणू नये, येते म्हण!" वैजू हसून ओरडला. तोवर गाडी हलली होती.

लोक मला अजून विचारतात, एवढा खर्च करून पाठवलीत, वसूल झाला का? झाला की. लीला आता बेंगळुरात मोठ्या पगारावर आहे. कर्ज तिनं स्वतः फेडलं, नेमल्या वेळेआधी. "महाग पडलं, आत्या," एकदा फोनवर म्हणाली. "पण खोटं नव्हतं ते. मला पाहिजे होतं तेच तिथं होतं." वर्षातून दोनदा लातूरला येते. माझ्या भाड्याच्या खोलीत उतरते, माझ्या पोरांना वाढते, परत जाते. वडिलांच्या जिन्याची पायरी ती चढत नाही. भाऊबीजेला मला साडी पाठवते, बारीक काठांची. मुद्दाम शोधून आणत असणार, कारण एवढे बारीक काठ आता मिळत नाहीत.

भाड्याची खोली अशासाठी की पुढच्याच वर्षी एका शिकवणीवाल्याला आमचा खालचा मजला पाहिजे होता. "अक्का, दुप्पट भाडं देतो म्हणतोय की," वैजू साखरेत घोळवून म्हणाला. "तू वर राहा की माझ्याबरोबर." मी ट्रंक उचलली. मेस मागच्या गल्लीत पत्र्याखाली नेली. पोरं तिथंही आली. वरणाचा पत्ता पोरांना बरोबर सापडतो.

मग वैजू रिटायर झाला. काही दिवस स्वतः करून खाल्लं, काही दिवस डबा लावला. एक दिवस माझ्याकडं आला आणि पोरांच्या रांगेत उभा राहिला.

"अक्का, महिन्याचं किती घेतेस?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. ताट घेऊन बसला.

"तिला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांनी.

"साडीनं."

तो भाजी चिवडत राहिला. "त्या दिवशी तीच का नेसलीस?"

"नवी होती."

त्यानं आमटी भुरकली. पुढं कधी विचारलं नाही.

माझा नियम त्याला लागू करायचा मी प्रयत्न केला. पोरांच्या शेजारी बसवला. पण तो बसला की पोरं गप्प होतात, पटपट जेवून उठतात, आणि तो इकडंतिकडं बघत राहतो. शेवटी खिडकीशी एक फळी मारून घेतली आणि उंच स्टूल आणलं, बाहेर तोंड करून. तो आला की आपण होऊन तिथं जाऊन बसतो. समोर दिसतं ते आमच्या घराचं मागचं अंगण, वरच्या मजल्याची बंद खिडकी. अख्खं त्याच्या नावावर.

भाकरी घेऊन मी जाते. "घे की अजून," म्हणते. तो नको म्हणतो. मी वाढते.

लीलाच्या शिकण्याचे बँकेचे पैसे लीलानं फेडले. काही मी फेडले, घराचा हक्क सोडून. राहिलेले वैजू फेडतो, महिन्याच्या महिन्याला, पाकिटात घालून. भाऊ म्हणून घेऊ नयेत असं एकदा मनात आलं होतं. पण मग यायला त्याला काय कारण उरलं असतं? मी मोजून घेते.